परवान्यावर नाव त्याचे, खड्ड्यात हात तिचे

सकाळी अकराला पायाची तपासणी होती. तपासनीस साहेब वेळेवर आले, बारा खड्ड्यांभोवती एक फेरी मारली, तिसऱ्या खड्ड्यापाशी थांबले आणि उकिडवे बसून सळयांच्या जाळीखाली टॉर्च मारला. जाळी तळापासून उचललेली होती, पण तिच्याखाली कव्हर ब्लॉकऐवजी, म्हणजे जाळी उचलून धरणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांऐवजी, विटांचे तुकडे होते.

"इथे जबाबदार कोण?" त्यांनी विचारले.

ती पुढे झाली. "मी. जाळ्या मीच बांधल्यात."

साहेबांनी फाइल उघडली. परवान्यावर नाव तिच्या नवऱ्याचे होते, प्रशिक्षणाचा दाखलाही त्याचाच. तो त्या वेळी नोकरीवर. "ताई, काम तुमचं आहे हे दिसतंय. पण सही मला यांची लागेल. ते नसतील तर आज तपासणी होणार नाही," असे म्हणून त्यांनी तीन दिवसांनंतरची वेळ दिली आणि ते पुढच्या साइटवर गेले.

मी या घराची संरचना अभियंता. नकाशे माझे, सळयांचे तपशील माझे, आणि त्या सकाळी मीही तिथेच उभी होते. साहेब नियमाला धरून बोलले होते, त्यांच्याशी वाद घालण्यासारखे काही नव्हते. पण त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. स्वतःचे घर स्वतःच्या हाताने बांधू पाहणारी जोडपी माझ्याकडे येतात, तेव्हा परवानगी मिळेल का, किती दिवस लागतील, कागद कोणते, हे सगळे विचारतात. परवाना कोणाच्या नावाने काढायचा, हे सहसा कोणी विचारत नाही. घर दोघांचेच आहे, नाव कोणाचेही असले तरी काय बिघडते, असे सगळे धरून चालतात. मीही तसेच धरून चालले होते. या घराच्या बाबतीत काय बिघडले आणि ते कसे निस्तरले, ते इथे तपशिलाने लिहिते आहे.

अर्जातली एक ओळ

घर तळमजल्याचे, ९ मीटर बाय १२ मीटर, पुढे कधी वर एक मजला चढवता येईल असा पाया. तो दिवसाच्या नोकरीत, ती घरून हिशेबाची कामे करणारी. तिची कामे रात्री उरकत, म्हणून दिवसा साइटवर ती आणि सुट्टीच्या दिवशी दोघे, असे ठरले. गवंडी आणि मजूर लागतील तेव्हा घ्यायचे, पण ठेकेदार नेमायचा नाही. ठेकेदार नेमला की साइटची जबाबदारी त्याच्याकडे जाते. न नेमल्यास ती मालकाकडेच राहते, आणि मग परवाना देणारे कार्यालय मालकालाच विचारते: तुम्हाला हे काम चालवता येईल कशावरून?

अर्जाला जोडायचे कागद नेहमीचेच होते. जागेच्या मालकीचा पुरावा, मोजणीचा नकाशा, चारही बाजूंना सोडायची मोकळी अंतरे दाखवणारा बांधकामाचा नकाशा, माती परीक्षणाचा अहवाल, माझे संरचना प्रमाणपत्र, आणि मालक स्वतः बांधणार म्हणून प्रशिक्षणाचा दाखला. 'स्वतः बांधणारा मालक' या रकान्यात नावासाठी एकच ओळ होती. प्रशिक्षणाचा वर्ग सहा आठवडे, शनिवारी आणि रविवारी. दोघेही गेले तर घर कोण सांभाळणार, म्हणून तो गेला. एवढाच हिशेब होता, आणि त्या वेळी तो तिघांनाही बरोबर वाटला.

अशा वर्गात काय शिकवतात, याबद्दल लोकांचा फार गैरसमज असतो. वीट कशी रचायची, थापी कशी धरायची, हे तिथे शिकवत नाहीत. परवान्यातल्या अटी, तपासणीचे टप्पे, कोणते काम स्वतः करायचे आणि कोणते परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचे, साइटवरचे धोके, विमा, दुसऱ्यांशी करायचे करार, हा त्यातला मुख्य भाग. म्हणजे वर्ग करून आलेल्याला काम करता येतेच असे नाही, पण कुठे थांबायचे ते कळते. वर्ग न केलेल्याचे हात कितीही तयार असले तरी नेमके तेच राहून जाते.

नियम जागोजागी वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये ठरावीक रकमेपुढच्या कामाला स्वतः बांधणाऱ्या मालकाला वेगळा परवाना आणि त्याआधी अभ्यासक्रम लागतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१६ पासून अशा मालकाला परीक्षा द्यावी लागते. न्यूझीलंडमध्ये २०१२ पासून घराच्या सांगाड्याशी आणि पाणी आत शिरू न देण्याशी संबंधित कामे परवानाधारकांपुरती राखीव झाली, पण स्वतःच्या राहत्या घरासाठी मालकाला त्यातून सूट घेता येते आणि नातेवाईक-मित्रांची विनामोबदला मदतही घेता येते. काही ठिकाणी प्रशिक्षणाची सक्ती नाही, नुसते लेखी हमीपत्र पुरते. वाट कुठलीही असो, कागदामागचा हेतू मला सगळीकडे सारखाच दिसतो. उद्या भिंतीला तडा गेला तर उत्तर द्यायला एक माणूस उभा असावा, आणि त्याला साइटवर काय चालले आहे ते माहीत असावे. आमच्या प्रकरणात उत्तर द्यायला बांधलेला माणूस दिवसभर साइटवर नव्हता, आणि जी साइटवर होती तिच्यावर उत्तर द्यायचे बंधन नव्हते.

सातवा खड्डा

विटांच्या तुकड्यांची गोष्ट आधी सांगते. त्याने फोनवर सांगितले होते, "जाळी दोन इंच वर उचलून धर." दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर, पायाच्या बैठकीला (फूटिंगला) मी दिलेले कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, तेवढेच होते. तिने मापून पन्नासच मिलिमीटर ठेवले होते, एकाही जाळीत चूक नव्हती. पण विटेचा तुकडा पाणी शोषतो. तो काँक्रीटमध्ये राहिला की जमिनीतला ओलावा त्यातून थेट सळईपर्यंत पोहोचतो, आणि सळई गंजली की फुगून भोवतालचे काँक्रीट फोडते. म्हणून ठोकळे काँक्रीटचेच हवेत, आणि ते घराच्या काँक्रीटइतकेच चांगले हवेत. हे माझ्या नकाशाच्या टिपेत बारीक अक्षरात लिहिलेले होते. नकाशा त्याच्या फाइलमध्ये, फाइल घरी कपाटात.

तपासणी पुढे गेल्यावर तिने त्याच संध्याकाळपासून ठोकळे बदलायला घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सातव्या खड्ड्यात गुडघ्यावर बसून शेवटचे तुकडे काढत होती. त्या जागी चांगला थर खोल लागला होता, म्हणून तो खड्डा १.६ मीटर. त्या रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी मी पोहोचले तेव्हा खड्ड्याची एक पूर्ण बाजू जाळीवर बसलेली होती. साधारण अर्धा घनमीटर माती असेल. ओल्या मातीचा एक घनमीटर दीड टनाहून जड भरतो, त्यावरून त्या ढिगाऱ्याचे वजन काढता येईल. ती काठावर उभी राहून नुसती पाहत होती. ती जिथे बसली होती, ती जागा मातीखाली होती.

खड्डा ढासळला तो केवळ पावसामुळे नाही. खोदलेली माती तिथेच काठावर रचलेली होती, कारण लांब टाकायची तर एक घमेले जास्त अंतर वाहावे लागते. काठावरच्या त्या ढिगाचे वजन बाजूवर आले, पाण्याने माती सैल झाली आणि बाजू सुटली. खोदलेली माती काठापासून निदान ६० सेंटिमीटर दूर टाकावी, सुमारे दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात माणूस उतरणार असेल तर बाजूंना उतार द्यावा किंवा फळ्यांचा आधार द्यावा, चढायला शिडी आत ठेवावी, काठावर दुसरे माणूस असल्याशिवाय कोणी उतरू नये. हे सगळे त्याच्या वर्गाच्या वहीत होते. मी नंतर ती वही मागून घेतली आणि वाचली. अक्षर सुंदर, आकृत्यासुद्धा काढलेल्या.

त्याच वहीत तीन पाने पुढे आणखी एक नोंद होती: ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, सामू (पीएच) १२ ते १३, कातडीला लागून राहिले तर भाजते आणि सुरुवातीला दुखतही नाही. पंधरा दिवसांपूर्वी खड्ड्यांच्या तळाला पीसीसी (सळयांशिवायचे साधे काँक्रीट) टाकताना ती ओल्या काँक्रीटवर गुडघे टेकून पृष्ठभाग सारखा करत होती. सलवार भिजली, तिने लक्ष दिले नाही. रात्री गुडघे लाल झाले आणि तिसऱ्या दिवशी कातडी सुटली. मला तिने ते सांगितलेच नव्हते. वहीतले ते पान पाहिल्यावर तिने सलवार वर करून व्रण दाखवला आणि म्हणाली, "मॅडम, मला वाटलं माझीच कातडी नाजूक आहे."

हे वाक्य मला फार लागले. सहा आठवडे बसून मिळवलेली माहिती त्याच घरात, त्याच कपाटात होती. ज्या गुडघ्यांना ती हवी होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. त्याने हे मुद्दाम केले नव्हते. वर्गात शिकलेले त्याने स्वतःपाशी ठेवले, कारण परवान्यावर नाव त्याचे आणि जबाबदारी त्याची, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते.

दोन नावे, उलटसुलट प्रशिक्षण

जाळ्या उचलून धुवायच्या, सातवा खड्डा पुन्हा काढून बाजूंना उतार द्यायचा, तळाची पीसीसी साफ करायची, यात नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत आम्ही दुसरे कामही केले. परवान्यात दुरुस्तीचा अर्ज दिला: स्वतः बांधणारे मालक म्हणून दोघांची नावे. छापील रकान्यात एकच ओळ असली, तरी दोघेही जागेचे मालक असतील तर संयुक्त नाव घेता येत होते. कोणी विचारलेच नव्हते, इतकेच. दुसऱ्या नावासाठी दुसरा दाखला लागणार होता, म्हणून पुढच्या वर्गाला ती बसली. दरम्यान दिवसा काम चाललेले असेल तेव्हा मी किंवा माझा सहायक हजर राहील, असे मी लिहून दिले.

त्याला मी वेगळे प्रशिक्षण सुचवले. त्याने कधी थापी हातात धरली नव्हती. चार सुट्ट्या त्याने एका जुन्या गवंड्याच्या हाताखाली काढल्या. आखणी पहिल्यापासून शिकला. दोरी बांधून एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला १२ मीटर मोजले, तर कर्ण १५ मीटरच यायला हवा. एक कर्ण १४.९६ आला आणि दुसरा १५.०४, म्हणजे कोपरा गुण्यात (काटकोनात) नाही, खुंटी सरकवा. त्या गवंड्याने त्याला खुंटी सात वेळा सरकवायला लावली. ओळंबा सोडून तो झुलायचा थांबेपर्यंत वाट पाहायची, हेही तिथेच शिकला. मला विचाराल तर हा भाग कोणत्याही वर्गाइतकाच आवश्यक आहे. स्वतः केलेले नसेल तर दुसऱ्याचे काम तपासताना नजर कुठे लावायची तेच कळत नाही.

मग एक वही घातली. डाव्या बाजूला काम कोणी केले ते, उजव्या बाजूला तपासले कोणी ते. अट एकच: दोन्हीकडे एक नाव नको. ठेकेदाराच्या साइटवर हे आपोआप होते, कारण काम करणारा आणि मापे घेणारा वेगळे असतात आणि त्यांना एकमेकांचे मन सांभाळायचे नसते. नवरा-बायकोच्या साइटवर हीच अडचण येते. तो दमलेला असतो म्हणून ती बोलत नाही, तिने उन्हात बसून केलेले असते म्हणून तो उकरत नाही. वहीत रकाना असला की बोलणे भाग पडते.

पहिली परीक्षा कॉलमच्या रिंगांची, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांची. एका रविवारी त्याने ८ मिलिमीटरच्या सळईच्या १४० रिंगा वाकवल्या, एकट्याने, संध्याकाळपर्यंत. तिने ढिगातली एक उचलली, नकाशाशेजारी धरली आणि म्हणाली, "अरे, टोकं काटकोनात आहेत. इथे १३५ अंश दिलेत."

"एवढ्याने काय होतं? बांधताना तार घट्ट ओढू."

"मी सही करणार नाही."

दोन दिवस त्यांच्यात अबोला होता. तिसऱ्या दिवशी दोघे माझ्याकडे आले, आणि मी कागदावर चितारून दाखवले. भूकंपात कॉलम हलला की आधी बाहेरचे कव्हर निखळते. काटकोनात वाकवलेले टोक त्याच कव्हरच्या थरात असते, त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. १३५ अंशांत वळवलेले टोक आतल्या गाभ्यात रुतलेले असते, ते सुटत नाही. टोके आखूडच कापली असल्यामुळे त्या रिंगा पुन्हा वळवूनही उपयोग नव्हता. १४० रिंगा बाजूला काढल्या. नव्या वाकवायला त्याने तिला शेजारी बसवले, आणि साठ-सत्तर रिंगा तिने केल्या. त्या त्याने तपासल्या. त्यातल्या चार नापास केल्या, त्याही बरोबर केल्या.

जिथे हात थांबवावे लागले

विजेची जोडणी स्वतः करायची त्यांची फार इच्छा होती. ते शक्य नव्हते. वीज आणि गॅस ही कामे बहुतेक ठिकाणी परवानाधारकाचीच असतात, आणि असायलाही हवीत, कारण त्यातली चूक भिंतीआड दडून राहते. त्यांना भिंतीतले पाइप बसवायची मुभा मिळाली, तीही विद्युत तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली. तारा ओढणे, जोडणे आणि विजेची गळती ३० मिलिअँपिअरवर गेली की पुरवठा तोडणारे स्विच बसवून त्यांची चाचणी करणे, हे त्या तंत्रज्ञाने केले. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी टेप धरून. गिलावा, फरशी, रंग यांत फारसे सांगण्यासारखे नाही. फरशी कापताना पाणी सोडून कापली, कारण ती कोरडी धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

स्लॅबच्या दिवशी मदतीला त्याचा धाकटा भाऊ आला होता. चपला घालून तो थेट शिडीकडे निघाला. तिने अडवले. "वहिनी, मी काय परका आहे का?" तो हसत म्हणाला.

"परके असता तर तुमचा विमा तरी उतरवला असता, भाऊजी. खाली थांबा."

ती हसत नव्हती. परवान्याच्या अटींमध्ये आणि विम्याच्या कागदात साइटवर काम करणाऱ्यांची यादी होती, त्यात त्याचे नाव नव्हते. घरच्या माणसाला थांबवणे सर्वांत अवघड असते, आणि प्रेमाने मदतीला आलेला माणूसच बऱ्याचदा बूट, हेल्मेट आणि माहिती यांतले काहीही न घेता वर चढतो. भाऊजींनी दिवसभर खाली वाळूची मापे भरली.

स्लॅब दोघांनी एकट्याने टाकू नये, हा माझा आग्रह होता. स्लॅब एका दमात पडला पाहिजे. मध्ये काम थांबले की जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा कच्चा राहतो आणि पुढे तिथूनच गळते. म्हणून त्या एका दिवसापुरती टोळी आणली. मिक्सरपाशी मात्र ती स्वतः उभी राहिली. ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटरपेक्षा जास्त पाणी नाही, आणि तेही मापाच्या बादलीने. दुपारनंतर माल ओढायला जड जाऊ लागला तेव्हा टोळीतल्या एकाने पाइप हातात घेतला. तिने नळ बंद केला आणि तोटीवर हात ठेवून उभी राहिली. पाणी वाढवले की माल पसरायला सोपा जातो आणि ताकद कमी होते, हे तिला वर्गात सांगितले होते. पण पंधरा माणसे ओरडत असताना नळावर हात ठेवायचे धैर्य मात्र तिचे स्वतःचे. तो वर व्हायब्रेटर धरून होता, कॉलमच्या डोक्याशी खास वेळ देत. मी चाचणीसाठी १५० मिलिमीटरचे क्यूब भरून घेतले. सात दिवसांचा निकाल अपेक्षित ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या वर आला, अठ्ठावीस दिवसांचा पूर्ण. स्लॅबवर मातीचे वाफे करून दहा दिवस पाणी साठवले. टेकू चौदा दिवसांनी काढले, एकेक करून, आधी मधले.

पूर्णत्वाच्या नकाशात एक फरक निघाला. स्वयंपाकघराची खिडकी मंजूर जागेपेक्षा १५ सेंटिमीटर सरकली होती, लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) टाकताना झालेली चूक. तो म्हणाला, कोणाला कळणार आहे. तिने वहीत आधीच लिहून ठेवले होते. सुधारित नकाशा जोडला, भोगवटा प्रमाणपत्र त्यापायी तीन आठवडे उशिरा आले, दोघांच्या नावाने.

वरच्या मजल्यासाठी नवा परवाना लागेल. पहिल्या परवान्याची मुदत संपलेली आहे आणि त्यात मंजुरी तळमजल्यापुरतीच होती. अर्ज तयार आहे, पहिले नाव तिचे, दुसरे त्याचे. कॉलमच्या वर काढलेल्या सळयांची टोके तोवर गंजू नयेत म्हणून कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवली आहेत. ते झाकण त्याने केले, तपासले तिने. वहीच्या शेवटच्या पानावर तशी नोंद आहे.